४८ तासांत मयत कशी उरकावी

(इस्लापूर व पंचक्रोशीतील होतकरू फिल्मवाल्यांसाठी)

२००१ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेल्या ‘फॉर्टी एट अवर फिल्म प्रोजेक्ट’ची रीत अशी: शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी काढायची, तीत फिल्मचा प्रकार निघतो. सोबत एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद, हे सगळ्यांना सारखंच. लिहिणं, शूटिंग, एडिटिंग आटपून रविवारी संध्याकाळी चार ते सात मिनिटांची फिल्म द्यायची. आपल्याकडच्या ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’मध्ये ५० तास मिळतात. वरचे दोन आमच्या मामांसाठी असावेत.

चिठ्ठीत ‘डार्क कॉमेडी’ निघाली की प्रेत आलंच. प्रेताची निवड विचारपूर्वक करावी. ‘जाने भी दो यारो’मध्ये (१९८३) सतीश शाह यांचं पात्र मेल्यावर द्रौपदी होऊन भर दरबारात उभं राहिलं, पण तोंड उघडलं नाही. आमचं प्रेत म्हणजे मामा, ते तिरडीवरून दिग्दर्शन करतात. “बांबू उलटा लावला रे! मडकं त्याच्या हातात कशाला? पोराच्या हातात दे!” आणि पंचाईत अशी, की त्यांचंच बरोबर असतं. गावात कुणाचंही काही झालं की पहिल्यांदा पोचणारा, रात्रीतून बांबू-सुतळी जमवणारा माणूस हाच. तेव्हा अपमान गिळावा आणि बांबू सुलटा करावा.

प्रेताचं पोट हलतं. मामांचं जास्तच. अंगावर चुरगळलेली चादर टाकावी, तीन-चार सेकंदांचेच तुकडे घ्यावेत. श्वास भरून रोखला की छाती थरथरते. अर्धा सोडून रोखायला सांगावं. मामा तेवढ्यात घोरले तर तो टेकही जपून ठेवावा.

सहस्रकुंड धबधब्याचा ड्रोन शॉट घेऊ नये.

घेणारच असाल (डायरेक्टर ऐकत नाही, मला ठाऊक आहे), तर तिथं संवाद ठेवू नये. पावसाळ्यात पैनगंगा कोसळते तेव्हा शेजारच्याचंही ऐकू येत नाही. संवाद घरात घ्यावेत आणि त्याच खोलीचा रिकामा आवाज अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड करावा. एडिटिंगमधली भोकं त्यानंच बुजतात. अर्धा मिनिट म्हणजे फार नाही. पण तेवढ्यात आदिलाबादकडची गाडी जाते, गिरणी सुरू होते, आणि मामांना खोकला येतो.

संमतीपत्रावर प्रत्येक नटाची सही घ्यावी. मेलेल्याचीसुद्धा.

लाइट जाते. बॅटऱ्या शुक्रवारीच भरून ठेवाव्यात, मग कुणाला शिव्या देत बसू नये.

फाइल पाठवायला निदान तीन तास राखून ठेवावेत. उशिरा पोचलेली फिल्म पडद्यावर दाखवतात, मुख्य स्पर्धेत मात्र धरत नाहीत. ‘रेंज येते’ असं सांगून जो तुम्हाला पाण्याच्या टाकीवर चढवतो, त्याच्या घरीही रेंज नसते.

सर्वांत महत्त्वाचं: दारात ‘शूटिंग चालू आहे’ अशी पाटी लावावी, आणि मोठ्या अक्षरांत. आम्ही लावली नव्हती. तिरडी बघून कुणीतरी फोन केला आणि हिमायतनगरची पाहुणे मंडळी रडत रडत दारात उतरली. खरं कळल्यावर चिडली, शिव्या दिल्या, जेवली, आणि मग रडण्याचा सीन पुन्हा द्यायला तयारही झाली. मामांचं म्हणणं, पहिलाच टेक बरा होता.