आराखडेसाहेबांची सुट्टी

हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं सांगितलं तर ठाण्यापासून हडपसरपर्यंत निदान पन्नास घरांतून 'आमच्या ह्यांच्यावर लिहिलंत ना?' असे फोन येतील, आणि पन्नासही बायकांचं बरोबर असेल. म्हणून आपले आराखडेसाहेब. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी बऱ्यापैकी वरची, केसांनी काढता पाय घेतलेला आणि लॅपटॉपवर एक्सेलची एक फाइल अष्टौप्रहर उघडी. घरात कुणी सहज 'कुठेतरी फिरायला जाऊ या' म्हटलं की वहिनी बोलणाऱ्याकडे डोळे वटारून बघतात. पण तोवर उशीर झालेला असतो. फाइलमध्ये नवीन शीट उघडलेलं असतं.

थीम पार्क हा साहेबांचा हळवा कोपरा. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, त्यानंतर लवकरच त्यांच्या शाळेची सहल बोटीने खाडी ओलांडून तिकडे गेली. रोलर कोस्टरच्या रांगेत त्यांचा नंबर येणार, एवढ्यात बाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना डबे खायला बसवलं. डब्यातली बटाट्याची भाजी त्यांना अजून आठवते. रोलर कोस्टर राहिलीच. तेव्हापासून रांग या गोष्टीशी त्यांचं वैर आहे. पुढे २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका निघालं आणि मुलं पुरेशी उंच झाल्यावर तिथे रंगीत तालीमही झाली. तिथली नायट्रो ही पायांखाली तळच नसलेली कोस्टर. पाय लोंबकळत ठेवून माणसाला पाच वेळा उलटंपालटं करते. मुलं दोनदा बसून आली. साहेब खाली बॅगा सांभाळत उभे राहिले आणि तासाला किती माणसं पुढे सरकतात याचं गणित तिकिटाच्या पाठीवर करत बसले. "कुणीतरी खाली थांबायला हवंच ना," असं त्यांचं त्यावरचं म्हणणं.

फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड दाखवायचा बेत थोरली पहिलीत असतानाचा. त्या वेळी फ्लॅटचा हप्ता होता. मग धाकट्याची शाळा आली, मग करोना आला, मग व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेना. शेवटी बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतून पासपोर्ट परत आले तेव्हा थोरली सतरा वर्षांची होती आणि धाकटा चौदाचा. मधल्या काळात फाइल मात्र वाढतच होती. तिच्यात 'तिकिटं', 'रांगा', 'पाऊस', 'खाणं' आणि 'मुलं' अशी शीटं होती. पैकी 'मुलं' हे सगळ्यात जुनं. त्यात थोरलीच्या नावापुढे 'आवड' या रकान्यात लिहिलं होतं: सिंड्रेला. धाकट्याच्या पुढे: लाल मोटार, बदक. 'भीती' या रकान्यात दोघांच्या पुढे 'अंधार' असं होतं. बाकीची शीटं दर आठवड्याला अद्ययावत होत; या एका शीटला दहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं आणि आजमितीला तो सगळा कारभार शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. त्यात चार वेगवेगळी पार्कं आहेत. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. इथवर साहेबांची तक्रार नव्हती. बदलणारा दर दिसला की त्यांना उलट हुरूप येतो. घोडं अडलं ते वयावर. डिस्नेच्या लेखी माणूस दहाव्या वर्षी प्रौढ होतो आणि पूर्ण तिकीट भरतो. "आपली एसटी बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट देते," साहेब मला कळवळून म्हणाले, "आणि ही अमेरिका!" पाच वर्षांपूर्वी गेलो असतो तर धाकटा बालकात बसला असता, हा हिशेब त्यांनी डॉलरमध्ये आणि रुपयांतही काढून ठेवला आहे. पाच वर्षांपूर्वी विमानंच धड उडत नव्हती, ही गोष्ट वहिनींनी लक्षात आणून दिली. त्यावर साहेबांनी नुसता सुस्कारा टाकला.

मग रविवारी सकाळी कुटुंबाची बैठक झाली. साहेबांनी टीव्हीला लॅपटॉप जोडला होता. दुसऱ्याच मिनिटाला थोरली म्हणाली, "बाबा, डिस्ने लहान मुलांचं असतं. आपण युनिव्हर्सलला जाऊ या." तिला हॅरी पॉटरचं हॉग्जमीड बघायचं होतं. धाकट्याला २०२५ च्या मेमध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स हवं होतं, कारण तिथे निन्टेंडोचं गाव आहे. दोघांचं एकमत व्हायची ही गेल्या कित्येक महिन्यांतली पहिलीच वेळ. साहेबांच्या पायांखालची जमीन सरकली, पण नियोजन करणारा माणूस खचत नाही. रात्रभरात त्यांनी युनिव्हर्सलचा अभ्यास केला आणि सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं की हॅरी पॉटरची ती आगगाडी एका पार्कातून सुटते आणि दुसऱ्यात पोचते, त्यामुळे दोन्ही पार्कांचं तिकीट असल्याशिवाय तीत बसताच येत नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दु:ख असायला हवं होतं. आनंद होता.

"तुला काय हवंय?" असं त्यांनी वहिनींनाही विचारलं. वहिनी म्हणाल्या, "एक दिवस मला काहीही करायचं नाही." साहेबांनी तत्परतेने नोंद केली. बुधवार, 'काहीही न करणे', दुपारी २.०० ते ३.३०.

सुट्टी मिळाली तीही मोजून. थोरलीच्या क्लासवाल्यांनी अकरावी संपल्या संपल्या बारावीचा अभ्यासक्रम सुरू केला होता, आणि मे महिन्याच्या शेवटी एवढे दिवस सोडतो म्हणजे फार उपकार करतो, असा त्यांचा आविर्भाव होता. न्यू जर्सीचा मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, आम्ही तर काहीच ठरवत नाही. जातो, फिरतो, येतो." त्या फोननंतर साहेब दोन दिवस त्याच्याबद्दल 'तुझा भाऊ' असंच बोलत होते.

युनिव्हर्सलचं काहीही होवो, डिस्ने ठरलेलंच होतं. आता तिथल्या रांगेचा मुद्दा. पूर्वी डिस्नेत रांग टाळण्याचा पास फुकट मिळे. आता त्याला पैसे पडतात आणि २०२४ पासून त्याला लायटनिंग लेन मल्टी पास म्हणतात. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्याला तो सात दिवस आधी घेता येतो, इतरांना तीन दिवस आधी. म्हणून साहेबांनी डिस्नेच्या हॉटेलांतलं सगळ्यात स्वस्त हॉटेल घेतलं. पास मिळायची सुरुवात तिकडच्या सकाळी सातला, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे दुपारी साडेचारला. त्या दिवशी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये साडेचार ते पाच 'अत्यंत महत्त्वाची बैठक' लागली. खोलीत साहेब एकटे, समोर दोन फोन आणि एक लॅपटॉप. पाच वाजता बाहेर आले तेव्हा त्यांनी शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळ्यांना चहा पाजला. काय मिळालं हे कुणाला कळलं नाही. बढती असावी असा सर्वांचा समज झाला.

आराखड्यात एक अडचण कालनिर्णयाने उभी केली. एका दिवशी संकष्टी येत होती आणि वहिनींची संकष्टी कधी चुकत नाही. कालनिर्णयात चंद्रोदय मुंबईचा मिळतो, नागपूरचा मिळतो. ऑरलँडोचा कुठून मिळणार? साहेबांनी तो शोधून काढला. रात्री अकराच्या सुमाराला, म्हणजे किल्ल्यावरची आतषबाजी आटोपल्यावर, त्यातून ढग नसले तर. दिवसभर उन्हातून पंधरा-वीस हजार पावलं आणि पोटात साबुदाणा, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर वहिनींनी एकच प्रश्न विचारला: "चंद्राला लायटनिंग लेन नाही का तुमच्याकडे?"

खाण्याचं शीट वाचताना मात्र मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं. डिस्नेत बाहेरचं खाणं नेता येतं, हा नियम त्यांनी तीनदा वाचून खात्री केली. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मागता येतं, हेही. त्यामुळे धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दाण्याचे लाडू यांना त्यांच्या आराखड्यात किल्ल्यासमोरची सावलीची जागा मिळाली होती. जागतिक करमणुकीच्या राजधानीत फुकट पाणी हुडकून काढणाऱ्या माणसाला मी तरी वंदन करतो.

आणि मग ते गेले.

पुढचं मला वहिनींकडून कळलं, म्हणजे खरं कळलं. पहिल्याच दिवशी सव्वासहाला दारावर थाप. हॉटेलवाल्यांना पार्कात अर्धा तास आधी सोडतात, तो अर्धा तास वसूल करायचा होता. थोरलीने पांघरुणातून विचारलं, "बाबा, ही सुट्टी आहे ना?"

"म्हणूनच तर!" साहेब म्हणाले.

सिंड्रेलाला भेटायची वेळ त्यांनी जुन्या शीटबरहुकूम आरक्षित केली होती. थोरलीने नुसतं "बाबा, प्लीज" म्हटलं आणि ती पलीकडे तोंड करून उभी राहिली. धाकटा तर दुसऱ्याच कुटुंबातला असल्यासारखा दहा पावलं लांब गेला. आता आरक्षण वाया कसं घालवायचं? वहिनी गेल्या. सिंड्रेलाने त्यांचा हात हातात घेऊन प्रेमाने चौकशी केली. वहिनी म्हणाल्या, सावत्र आईचं सगळं माहीत आहे मला; सासू कशी आहे ते सांग. या भेटीचा फोटो सध्या त्यांच्या दिवाणखान्यात आहे, आणि दोघीही मनापासून हसताहेत.

ॲनिमल किंगडममध्ये वेगळंच घडलं. तिथे डिस्नेने आशियाचा म्हणून 'आनंदपूर' नावाचा एक काल्पनिक मुलूख उभा केला आहे. पोपडे उडालेल्या भिंती, हाताने रंगवलेल्या जाहिराती, पताका, पडके वाडे. पडझडसुद्धा अगदी कुशल कारागिरांकडून करून घेतलेली. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढे पैसे खर्चून आपण मनमाडच्या स्टँडवर का उभे आहोत?" त्याच मुलखात एक्सपिडिशन एव्हरेस्ट ही कोस्टर आहे. रांगेत साहेबांनी मुलांना सांगितलं की हा डोंगर मुद्दामच २०० फुटांपेक्षा किंचित कमी ठेवलाय, कारण २०० फूट झाले की विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागतो; आणि आतला तो यती २००६ मध्ये कोस्टर सुरू झाली त्यानंतर थोड्याच काळात हलायचा थांबला, आता नुसता त्याच्यावर दिवा चमकवतात. "म्हणजे आता घाबरायचंसुद्धा नाही का?" धाकट्याने विचारलं. साहेबांनी झाडून सगळ्या राइड्स आधी यूट्यूबवर पाहून ठेवल्या होत्या. कुठे वळण, कुठे अंधार, कुठे गाडी उलटी मागे जाते, सगळं पाठ. प्रत्यक्ष गाडीत बसल्यावर त्यांनी डोळे गच्च मिटले ते थेट खाली उतरल्यावर उघडले.

तिथेच त्यांच्या आराखड्याने त्यांचा घात केला. 'रांगा' या शीटमध्ये त्यांनीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं की काही राइड्सना एकेकट्या माणसांची वेगळी रांग असते. गाडीत रिकामी उरलेली जागा या लोकांना मिळते, म्हणून ती भराभर सरकते. अट एवढीच की आपल्या माणसांजवळ बसायला मिळत नाही. साहेबांच्या लेखी ही अट म्हणजे किंमत होती. मुलांनी वाचलं आणि त्यांना साक्षात्कार झाला. त्या दुपारपासून दोघं जी सटकली ती जेवायला आणि झोपायला तेवढी भेटत. मधूनच फोनवर फोटो यायचा, केस विस्कटलेले, तोंड फाटेस्तोवर हसताना. साहेब तो फोटो मोठा करून पाहत आणि वहिनींना विचारत, "हे वेळापत्रकातल्या कुठल्या जागी आहेत?" चार माणसांसाठी घेतलेल्या वेळा नवरा-बायकोने मिळून संपवल्या. बाहुल्या गाणं म्हणतात त्या बोटीत दोघं तीनदा बसली, कारण ती सावकाश चालते, आत गार असतं आणि कुणी उलटं करत नाही.

साहेबांचा एकच क्षण निखळ विजयाचा ठरला. 'पाऊस' या शीटमध्ये एका दुपारी त्यांनी तीन ते चार असं लिहून ठेवलं होतं. फ्लोरिडात उन्हाळा आला की दुपारी वीज-पाऊस होतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. तीन वाजून दहा मिनिटांनी आभाळ फाटलं. हजारो माणसं सैरावैरा धावत सुटली. आराखडेसाहेब ठाण्याहून आणलेला रेनकोट घालून, घड्याळाकडे बघत, भर चौकात प्रसन्न उभे होते.

परत आल्यावर मी भेटायला गेलो. मुलांना विचारलं, तर दोघंही म्हणाली, भारी होतं, पुन्हा जायला आवडेल, फक्त झोप पुरी व्हायला हवी. साहेब लॅपटॉप घेऊन बसले होतेच. त्यांनी मला जवळ ओढून हलक्या आवाजात सांगितलं की तोक्योच्या डिस्नेत तिकिटाचे तीन वर्ग आहेत. अकरा वर्षांपर्यंत बालक, बारा ते सतरा कनिष्ठ आणि अठरापासून प्रौढ. "म्हणजे थोरली अजून कनिष्ठ आहे! पूर्ण तिकीट नाही!" त्यांचे डोळे चमकत होते. "फक्त मार्चअखेरच्या आत जायला हवं. मार्चअखेर तिला अठरा पूर्ण होतात."

"तिची बारावीची परीक्षा आहे त्याच वेळी!" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या.

"पाहिलंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "शेवटचा पेपर आणि वाढदिवस यांच्यात नऊ दिवस आहेत."