जवळच जाऊन येते

बेंगळुरूत नोकरीला आलेल्या मराठी माणसाला दर शुक्रवारी दुपारी घाम फुटतो. हे शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर बसलेलं, इथे घाम फुटायला हवेचं कारण नसतं. कारण एवढंच, की शनिवार-रविवार तोंडावर आलेला असतो आणि अजून कसलंच बुकिंग झालेलं नसतं. कूर्ग भरलं. चिकमगळूर भरलं. उटीला आता ई-पास काढावा लागतो. मग ग्रुपवर कुणीतरी टाकतं, 'चला, नंदी हिल्सला सूर्योदय बघू.' ही मंडळी पहाटे तीनला उठतात, साठ किलोमीटर गाडी हाणतात, डोंगराच्या पायथ्याशी रांगेत उभी राहतात आणि पुढच्या इनोव्हाच्या मागच्या काचेत उगवलेला सूर्य बघून परत येतात. फोटो छान येतात. ढगांचे.

सोमवारी यांच्यापैकी कुणालाही विचारा, 'लालबागेत गेला होतात का हो कधी?' उत्तर पाठ असतं. 'ती काय, आहेच की इथे!' फ्लॅट इथे आहे, फ्लॅटचं कर्ज इथे आहे, मुलांची शाळा इथे आहे, कन्नड 'स्वल्प ॲडजस्ट माडी'पाशी येऊन थांबलेलं आहे आणि लालबाग आहेच की इथे.

आता गंमत बघा. हीच माणसं पावणेतीनशे किलोमीटर गाडी चालवून, वाटेत पोरांच्या उलट्या निस्तरत उटीला जातात. तिथे पहिल्या सकाळी काय बघतात? बोटॅनिकल गार्डन. हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेलं, आज 240 एकरांवर पसरलेलं बोटॅनिकल गार्डन घरापासून मेट्रोच्या काही स्टेशनांवर आहे, पण तिथे जाताना पोरांना उलटी होत नाही. उलटी झाली नाही तर सहल झाल्यासारखी वाटत नाही.

जे लालबागेत जातात, ते 15 ऑगस्टच्या किंवा 26 जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनाला जातात. म्हणजे वर्षातले जे दिवस बागेत झाड सोडून सगळं दिसतं, नेमके ते. 1889 च्या त्या काचघरात गर्दीतून ढकलत ढकलत बाहेर निघतात आणि 'फार गर्दी असते बुवा' असा शेरा मारून पुढच्या वर्षीपर्यंत मोकळे होतात. त्यांनी साध्या मंगळवारी सकाळी जावं. वीस डिग्रीत माकडटोपी घालून फिरणारे आजोबा बघावेत. मग त्या उघड्या खडकावर जाऊन बसावं. हा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे. आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा, म्हणजे यापुढे काल जन्मलेलं पोर. दगडधोंड्यांचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या मराठी माणसाने निदान वडीलधारा म्हणून तरी याला एकदा भेटून यायला हवं. पण खडकाला रूम सर्व्हिस नाही.

अभिमानावरून आठवलं. कुठल्याही मराठी जेवणावळीत दुसऱ्या वाढपाला एक वाक्य हमखास येतं, 'तसं बघायला गेलं तर बेंगळुरू आपलीच जहागीर!' बरोबर आहे. शहाजीराजांना ती विजापूर दरबाराकडून मिळाली होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांचं नाव मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाशी जोडलेलं आहे आणि त्या देवळावरूनच त्या भागाला नाव पडलं. 'मग बघितलंत का देऊळ?' असं मी विचारलं, तर जहागीरदार श्रीखंडाकडे वळले. त्या देवळापासून चालत जाता येईल अशा अंतरावर आठव्या क्रॉसचा बाजार आहे. शेवंतीचे ढीग असतात, केळीची पानं असतात, मोगऱ्याची माळ हातभर मोजून देणाऱ्या बाया असतात. अख्खी संध्याकाळ जाते आणि खर्च होतो माळेपुरता. जहागीर तपासायला एवढा खर्च परवडावा.

खाण्याचं तर विचारूच नका. पुण्याहून रात्रीच्या स्लीपरने येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात बाकरवडी असते. हरकत नाही, मीही खाते. पण परवा एकांनी साताऱ्याहून शेंगदाणे मागवलेले पाहिले आणि मी हात टेकले. अहो, ज्या शहरात शेंगांची जत्रा भरते, तिथे तुम्ही बसच्या डिकीतून दाणे आणता?

कडलेकाई परिशे असं तिचं नाव. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत भरते. यांचा कार्तिक तोच आपला कार्तिक, कॅलेंडर बदलायचीही गरज नाही. जुनी कथा अशी, की इथल्या शेतांतलं भुईमुगाचं पीक रोज रात्री एक बैल येऊन फस्त करायचा. शेतकऱ्यांनी त्याला मारायचं सोडून त्याचं देऊळ केलं आणि पहिलं पीक त्याला वाहायचा नेम धरला. शेत गेलं, शेतावर इमारती आल्या, भुईमूग आसपासच्या जिल्ह्यांतून यायला लागला, नेम मात्र राहिला. एका दगडात कोरलेला पंधरा फूट उंच नंदी आत बसलेला असतो. बाहेर बुल टेंपल रोडच्या दोन्ही अंगांना शेंगांचे ढीग: कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या, एकदाणी, तीनदाणी. विकणारे चार शेंगा हातावर ठेवतात, 'तिंदु नोडी' म्हणतात, म्हणजे खाऊन बघा. प्रत्येक ढिगापाशी खाऊन बघत गेलं, की देवळापर्यंत पोट भरतं. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट कमी पडलं म्हणून भांडणारा आपला माणूस या जत्रेत का दिसत नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे. बहुधा प्रवेश फुकट असतो म्हणून.

जानेवारीत दुसरा सोहळा असतो, अवरेकाईचा. अवरेकाई म्हणजे आपला पावटा, वालाचं घराणं. इथे थंडी पडली की दारोदारी पावटा सोलायला बसतात. दाणे भिजवतात, मग चिमटीत धरून साल उडवतात आणि आतला गुळगुळीत दाणा टपकन भांड्यात पाडतात. वालाच्या डाळिंब्या सोलत बालपण गेलेल्या कुठल्याही मावशीला इथे बसवा. भाषा न कळता ती अर्ध्या तासात चाळीची मुख्य होईल. व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीच्या आसपास तेव्हा या दाण्यांचे डोसे, उसळी, फरसाण आणि चक्क जिलबीसुद्धा मिळते. जिलबीबद्दल माझं मत राखून ठेवते. बाकी सगळं खावं आणि उभ्याने खावं.

उभ्याने खाण्यावर आपलं घोडं अडतं. 'बसायला नाही का?' हा मराठी माणसाचा बेंगळुरूतला पहिला प्रश्न आणि 'चहा नाही का?' हा दुसरा. ऐंशीच्या दशकात इथे दर्शिनी नावाचा प्रकार रुजला. कूपन घ्या, ताटली उचला, उंच टेबलाशी उभे राहा, खा, निघा. त्यात जे बसण्यातलं सुख नाही, त्याची भरपाई 'बाय टू'मध्ये आहे. दोघांनी एक कॉफी सांगायची, ती दोन पेल्यांत अर्धी-अर्धी येते आणि कुणी तुमच्याकडे कंजूष म्हणून बघत नाही. एक चहा दोघांत सांगितला तर गल्ल्यावरच्या मालकाने चष्म्यावरून बघायचं, अशा गावाहून मी आले आहे. मला तर ही नागरी संस्कृतीची कमाल वाटते.

शंकरपुरमला ब्राह्मिन्स कॉफी बार आहे, 1965 पासूनचा. इडली, वडा, खारा भात, केसरी भात, कॉफी. झालं, संपला मेनू. सांबार नाही. चटणी मात्र मागाल तितकी. एका पुणेकर पाहुण्यांना नेलं तर म्हणाले, 'सांबार नाही म्हणजे काय? लिहिलेलं तरी पाहिजे.' लिहिलेलं असतं तर खूश झाले असते, सांबाराची आठवणही झाली नसती. गांधी बझारात 1943 पासून विद्यार्थी भवन आहे. मसाला डोसा जाड, कुरकुरीत, लोण्यात न्हालेला आणि वाढपी हातावर ताटल्यांचा मनोरा रचून येतो. ते शुक्रवारी बंद असतं. बंद दाराशी शुक्रवारी उभं राहून 'आमच्या पुण्यात असं नसतं' म्हणणारा माणूस मी या कानांनी ऐकला आहे. त्यावर काय बोलणार? पुण्या-मुंबईला डोसा शिकवायला उडुपीकडची माणसं आली होती आणि आपण इथे येऊन आपल्याकडच्या डोशाची थोरवी सांगतो. मुळाशी उभं राहून फांदीच्या गोष्टी करण्यातला हा प्रकार.

बसवनगुडीचे जुने लोकही काही कमी नाहीत म्हणा. 'आता पूर्वीचा डोसा राहिला नाही,' हे ते डोसा खाताखाता सांगतात. जुना रहिवासी म्हणून मान हवा असेल तर हे वाक्य कन्नडमधून पाठ करून ठेवावं. कुठल्याही हॉटेलात चालतं.

शनिवारी सकाळी कब्बन पार्कात जावं. 2023 पासून तिथे लोक चटई आणि पुस्तक घेऊन येतात, झाडाखाली लवंडतात आणि वाचतात. बोलत नाहीत. नावनोंदणी नाही, वर्गणी नाही, फलक नाही. आपल्याकडे हाच उपक्रम झाला असता तर आधी वाचनाच्या महत्त्वावर अध्यक्षीय भाषण झालं असतं, मग आभार, मग बटाटेवडा. वाचायला वेळ उरला नसता. एका कार्यकर्त्याला मी तिथे नेलं तर अर्ध्या तासाने त्याने कानात विचारलं, 'यांचा संयोजक कोण?' संयोजक दिसेना, तसा तो अस्वस्थ होऊन निघून गेला.

आता कुणी म्हणेल, 'बाई, तुम्हाला जमतं. आम्ही व्हाइटफील्डला राहतो.' खरं आहे. शहर सुखाचं मुळीच नाही. सिल्क बोर्डच्या चौकात वाहतुकीत अडकलेल्या माणसाला पूर्वजन्म आठवतो, फूटपाथवरची फरशी पाय पडला की कारंजं उडवते आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मेट्रोने भाडं असं वाढवलं, की लांबच्या टोकाचं तिकीट 90 रुपयांवर गेलं. त्याबद्दल मी दर महिन्याला शिव्या घालते. पण 2023 च्या ऑक्टोबरपासून जांभळी लाइन व्हाइटफील्डपासून सलग धावते. मॅजेस्टिकला उतरून हिरवी पकडली, की थेट लालबाग. कूर्गला जाताना जितका वेळ शहराबाहेर पडण्यात जातो, तेवढ्यात जाऊन, बसून, खाऊनही होतं.

आणि बायकांनो, तुम्हाला तर सबबच नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसमध्ये बायकांना प्रवास फुकट आहे. अट एकच: कर्नाटकातला रहिवास. इथे आपल्या घरांत मोठा पेच पडला. कित्येक वर्षं आधार कार्डावर कोथरूडचा, डोंबिवलीचा पत्ता मिरवणाऱ्या बायका मुकाट्याने रांगेत उभ्या राहिल्या आणि जयनगरच्या, बनशंकरीच्या झाल्या. कन्नड शिका म्हणून दहा आंदोलनांनी जे केलं नाही, ते एका गुलाबी तिकिटाने केलं. मी नवऱ्याबरोबर बसने जाते, तेव्हा कंडक्टर मला शून्याचं तिकीट देतो आणि त्याच्याकडे पैसे मागतो. हा करमणुकीचा कार्यक्रम मला कुठल्याही रिसॉर्टपेक्षा आवडतो, कारण नवऱ्याचा चेहरा दर वेळी नवा असतो.

यंदाची परिशे चुकवू नका. दुकानं शनिवारपासूनच लागतात, पण खरी मजा सोमवारी. सोमवारी ऑफिस असतं, हे मलाही ठाऊक आहे. पुण्यातल्या तुमच्या काकूंना रजेसाठी आजवर पुष्कळदा बरं नव्हतं, या वेळी त्यांना आराम द्या. साहेबाला सांगा, बैलाला शेंगा घालायच्या आहेत. साहेब कन्नड असेल तर स्वतःच्याही सांगेल.