साठ किलो कोण उचलणार?

ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डचं पिल्लू आणायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते. उद्या या कुत्र्याला उठता आलं नाही, तर तिसऱ्या मजल्यावरून त्याला खाली कोण आणणार? पिल्लाचा रंग ठरलेला असतो, नाव ठरलेलं असतं, फोटोही सगळ्या नातेवाइकांना पाठवून झालेले असतात. या प्रश्नाचं उत्तर मात्र नसतं. ते मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

मी उगाच घाबरवत नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट अचानक वायूनं फुगतं आणि जठराला पीळ पडतो. ग्रेट डेन या आजारात सगळ्यात पुढे. पीळ पडला की वायूला वरही येता येत नाही नि पुढेही सरकता येत नाही. जठराचा रक्तपुरवठा तुटतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि काही तासांत कुत्रा दगावतो. तो बेचैन होऊन फेऱ्या मारतो, पुन्हापुन्हा ओकायला बघतो, पण फेस नि लाळेपलीकडे काही पडत नाही. पोट ताठ लागतं. हे दिसलं की ओवा-हिंग, सोडा काही द्यायचं नाही आणि सकाळची वाट बघायची नाही. थेट शस्त्रक्रिया होते तिथे गाठायचं. असा दवाखाना रात्री कुठे उघडा असतो? पुण्या-मुंबईत शोधला तर सापडेल, तालुक्याच्या गावी बहुधा नाही. तिथवर जायला गाडी कुणाची? आडवा पडलेला ग्रेट डेन रिक्षात मावत नाही. घरात एक जाड सतरंजी आणि तिची चार टोकं धरणारी चार माणसं लागतात. म्हणून पिल्लाच्या आधी शेजाऱ्यांशी बोला.

हा धोका कमी करता येतो आणि तो कमी करणं मालकाचं काम आहे. दिवसाचं खाणं एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्या. बकाबका खाऊ देऊ नका. जेवल्यावर पळवू नका. अनेक घरांत उंच स्टँडवर भांडं ठेवतात, बिचाऱ्याला वाकायला नको म्हणून. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंचावरच्या भांड्याचा संबंध धोका वाढण्याशीच आढळला होता. जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्कं करण्याची शस्त्रक्रियाही आहे. नसबंदीसोबत एकाच भुलीत ती होऊ शकते. त्यानंतर पोट फुगू शकतं, पण पीळ पडणं जवळपास टळतं. ग्रेट डेन पाळणाऱ्यानं डॉक्टरांकडे हा विषय स्वतःहून काढलाच पाहिजे.

आता सेंट बर्नार्ड. हा कुत्रा आल्प्सच्या खिंडीतला, २,४६९ मीटर उंचीवरच्या मठात वाढलेला. बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधणं हे त्याचं काम. तिथला सगळ्यात नावाजलेला बॅरी १८०० ते १८१४ या काळात जगला. त्याचं जतन केलेलं शरीर बर्नच्या संग्रहालयात आहे. बॅरीचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असावं असं मानतात. पुढे माणसानं ही जात अवजड करत नेली आणि १९२३ साली बॅरीचं शरीर नव्यानं मांडताना त्याचं डोकंही नव्या कुत्र्यांसारखं दिसेल असं बदललं. मला ही गोष्ट संतापजनक वाटते. बॅरी चौदा वर्षं जगला. आजचा सेंट बर्नार्ड साधारण आठ ते दहा वर्षं जगतो. कुत्र्यांत आकार वाढतो तसं आयुष्य घटतं, हे आता पक्कं माहीत आहे, तरी विकणारे ‘अजून मोठा’ म्हणूनच भाव वाढवतात आणि घेणारे तो देतात.

असा कुत्रा नागपुरात मे महिन्यात पाळणं क्रूर आहे. एसी परवडत असेल तरी तेवढ्यानं भागत नाही. वीज जाते, आणि शी-शूला बाहेर जावंच लागतं. कुत्र्याचं शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत तेही नीट साधत नाही. ऊन लागून तो लटपटला, तर अंगावर थंड पाणी ओता, पंखा लावा आणि मग दवाखान्याकडे निघा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते.

पिल्लाच्या हाडांचा खेळखंडोबा तर प्रेमापोटीच होतो. जन्मताना किलोभरही नसलेलं डेनचं पिल्लू वर्षभरात पन्नास किलोच्या घरात जातं. ‘वाढतं अंग आहे’ म्हणून त्याला कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या जातात. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. ते शोषलं जातं, आणि हाडं-सांधे वेडेवाकडे वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं मोजलेलं खाणं द्या, अंगानं सडपातळ ठेवा, सारखे जिने चढायला लावू नका. गुळगुळीत फरशीवर जाजम टाका. नुसत्या फरशीवर बसून कोपरांना घट्टे पडतात, आणि पाय घसरले की कंबर दुखावते.

सहाव्या-सातव्या वर्षी तो म्हातारा होतो. मागचे पाय साथ देईनासे होतात. मग पोटाखालून टॉवेल घालून त्याला उभं करायचं, दिवसातून चार-पाच वेळा. अशा कुत्र्याला लिफ्ट बंद करणाऱ्या सोसायट्यांनी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना वाचाव्यात. लिफ्ट नाकारता येत नाही.

पिल्लू विकणाऱ्याकडे नोंदणी मागा, २०१७ च्या केंद्रीय नियमांनी ती सक्तीची आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. आई-बाप दाखवायला सांगा, त्यांच्यापैकी कुणाच्या पोटाला पीळ पडला होता का ते विचारा. टाळाटाळ झाली तर उठून या. आणि खरं सांगायचं तर पिल्लूच कशाला हवं? वाढल्यावर झेपेना म्हणून सोडून दिलेले डेन आणि सेंट बर्नार्ड निवारा केंद्रांत येतात. त्यांची उंची, वजन, स्वभाव, खाण्याचा खर्च सगळं समोर दिसतं. दोन-तीन रविवार जाऊन त्यांच्याबरोबर चाला, आणि झेपेल असं वाटलं तर त्यातलाच एक घरी आणा.