जिन्यावरचं कॉमर्स

शिरूर आणि दौंडला वाणिज्य शिक्षण आलं ते जिना चढून. खाली कापडाचं नाहीतर बी-बियाण्याचं दुकान, शेजारून अंधारा जिना आणि वर पाटी : अमुक-तमुक कमर्शियल इन्स्टिट्यूट, शासनमान्य. 'शासनमान्य' ही अक्षरं नावापेक्षा मोठी. आत सात-आठ टाइपरायटर, एक पंखा आणि सर. प्राचार्य, रजिस्ट्रार, शिपाई, मेकॅनिक, सगळं तेच.

तसं पाहिलं तर सोहराब दावरांनी मुंबईत वाणिज्याचं कॉलेज काढलं 1900 साली. 1913मध्ये सिडनहॅम आलं, 1943मध्ये पुण्यात बीएमसीसी. घोडकाठच्या शिरूरला आणि भीमाकाठच्या दौंडला पोचायला या विद्येने आणखी बराच वेळ घेतला. पुढे शिरूरला बोरा कॉलेज झालं, दौंडलाही बी.कॉम.ची सोय झाली. पण नुसत्या पदवीवर घरचे निर्धास्त होत नसत. मुलगा बी.कॉम. झाला म्हटलं की मामा विचारणार, "ते ठीक आहे, टायपिंग केलंय का?" मामांचं चूक नव्हतं. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द मिनिटाला, असं स्पष्ट लिहिलेलं असे.

दोन्ही गावांचे स्वभाव वेगळे. दौंड जंक्शन, मनमाडची लाइन तिथूनच फुटते. तिथल्या पोराला रेल्वेत चिकटायचं असे. शिरूरला रेल्वे नाही. तिथे बाजार समिती, पतपेढ्या, नगर रोड आणि पुढे रांजणगावची एमआयडीसी. पण जिना चढला की दोघांचा धडा एकच : ए एस डी एफ. परीक्षाही एकच, राज्य परीक्षा परिषदेची. म्हणजे राज्यभर एकाच अभ्यासक्रमाची, एकाच वासाच्या रिबिनीची, सारख्याच मोडक्या स्टुलांची साखळी पसरली होती, आणि तिला मालकच नव्हता. आजकाल अशा साखळीसाठी लोक फ्रँचायझी घेतात, टाय लावतात. आमचे सर बनियनवर मशीनला तेल घालत.

मराठी मशीन ही तर संयमाची शाळा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. 'शिरूर' लिहायचं तर 'श' यायच्या आधीच त्याची वेलांटी हजर, वऱ्हाडाआधी वाजंत्री पोचावेत तशी. दौंडकरांची यातून सुटका होती. त्यांच्या वाट्याला मात्रा, काना आणि अनुस्वार एकाच अक्षरावर चढवण्याचं काम आलं होतं.

खरी जत्रा परीक्षेला. केंद्रावर मशीन आपलं आपण न्यायचं. कुणी टेम्पोत, कुणी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून. एखादा धाकट्या भावाच्या डोक्यावर देऊन स्वतः मागून हॉल तिकीट सांभाळत चाललेला. शिट्टी झाली की हॉलमध्ये असा कडकडाट उठे की पर्यवेक्षकाला कॉपी पकडायची इच्छा उरत नसे. शेजाऱ्याचं बघून टाइप करणारा उमेदवार तसाही कुणी पाहिलेला नाही.

गोदरेजने 1955मध्ये टाइपरायटर बनवायला घेतला. 2011 साली त्यांचं उत्पादन थांबल्याची बातमी जगभर पसरली आणि परदेशी वर्तमानपत्रांनी जगातला शेवटचा कारखाना बंद झाला म्हणून हळहळून लिहिलं. ते खरं नव्हतं, इतर ठिकाणी मशीन बनत होती. आणि इकडे जिन्यावर सकाळी सातची बॅच चालूच होती. मृत्युलेख छापून आल्यावरही माणूस चहाला यावा, तसा हा प्रकार.

2001मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स आला, तशी पाटीवरची अक्षरं बदलली. 'कमर्शियल'च्या जागी 'कॉम्प्युटर', 'शासनमान्य' तेवढं तसंच ठेवलं. सरांनी बनियनवर शर्ट चढवला, कारण एसी बसला. टंकलेखनाची परीक्षाही आता संगणकावर होते. त्यामुळे धाकट्या भावांचे हाल संपले.

परवा तहसील कचेरीत एक तरुण लिपिक मोबाइलपुढे तोंड धरून पत्र सांगत होता आणि मोबाइल मुकाट्याने टाइप करत होता, वेलांट्यांसकट. मी विचारलं, "मग त्या तीस शब्दांचं काय?"

"ते सर्टिफिकेट आहे ना साहेब," तो म्हणाला, "त्याशिवाय ही खुर्ची मिळते होय?"