नेतृत्वाचं शिबिर आणि झाडू

धंदा वाढवायचा तर आधी नेतृत्वगुण वाढवा, असा हल्लीचा मंत्र आहे. संग्रामपुरात नेतृत्वाचं शिबिर उद्या भरलंच, तर खारपाणपट्ट्यातल्या दुकानदाराला पडद्यावर परदेशी उद्योगपती दाखवले जातील. शेजारच्या तालुक्यातलं शेगाव मात्र कुणाला आठवणार नाही. तिथे जायला विमान लागत नाही, हा त्याचा मोठाच दोष. तिथल्या गजानन महाराज संस्थानाचा कारभार शिवशंकरभाऊ पाटील यांनी कित्येक दशकं वाहिला. 2021 साली ते गेले. हजारो सेवेकरी पाळीपाळीने बिनपगारी राबतात, महाप्रसादाची पंगत उठते, परिसर स्वच्छ राहतो. संस्थानाचं अभियांत्रिकी महाविद्यालयही 1983 पासून चालू आहे.

यावर आक्षेप ठरलेला: तिथे भक्ती आहे, धंद्यात पगार द्यावा लागतो. खरंय. पण भक्ती तर अनेक देवस्थानांत ओसंडून वाहते; स्वच्छ संडास किती ठिकाणी सापडतात? भक्तीने माणसं येतात; कामाची वाटणी आणि चोख हिशेब कुणीतरी रोज बघावाच लागतो. शिबिरात नेमकं हेच शिकवत नाहीत, कारण त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभत नाही. तेव्हा मालकांनो, शिबिराची फी वाचवा आणि नोकरांचा पगार वेळेवर करा.