आयत्या वेळी निघणाऱ्यांचा गुन्हा काय?

भोपाळ हे कचेऱ्यांचं शहर आहे. इथे रजेचा अर्ज महिनाभर आधी देता येतो, पण रजा खरोखर मिळाली हे निघायच्या आठवड्यात कळतं. विधानसभेचं अधिवेशन लागलं, प्रश्नांची उत्तरं पाठवायची निघाली, कुणाची निवडणुकीची ड्यूटी आली, की मंजूर झालेली रजाही परत जाते. यात कुणाचा दुष्टावा नसतो, कामच तसं आहे. शाळेच्या उन्हाळी सुटीचंही तेच. तारखा आदेशाने ठरतात आणि ऊन वाढलं की बदलतात. त्यामुळे मुलांना थीम पार्कला न्यायचं बोलणं आमच्या घरी वर्षभर चालतं आणि बेत ठरतो तो अगदी आयत्या वेळी.

रजेबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानंतर जिथे जिथे पैसे भरायचे असतात, तिथे आयत्या वेळी आलेल्या माणसाला निष्काळजी धरून त्याच्याकडून जास्त घेतलं जातं, त्याबद्दल आहे. ज्याच्या तारखा त्याच्या स्वतःच्या हातात आहेत त्याला सगळं स्वस्त, आणि ज्याच्या तारखा दुसऱ्याच्या हातात आहेत त्याला सगळं महाग. नर्स, पोलीस, कंडक्टर, दुकानात पगारावर काम करणारी मुलं, सगळे या दुसऱ्या रांगेत येतात. आमच्यापेक्षा त्यांचं जास्त कठीण आहे.

पहिली अडचण गाडीची. मुंबई-पुण्यामधल्या खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका हे थीम पार्क सुरू झालं, तेव्हापासून मध्य भारतातल्या मुलांना त्याचं नाव पाठ आहे. भोपाळहून मुंबई आठशे किलोमीटरहून लांब, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं. मुदत कमी केली हे बरं झालं, पण ज्याला पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही त्याला दोन्ही सारखंच. मे महिन्यात कुठलीही गाडी बघा, वेटिंग. मग उरतं तत्काळ. ते आदल्या दिवशी उघडतं, एसी डब्यांसाठी सकाळी 10 वाजता आणि स्लीपरसाठी 11 वाजता. थ्री एसीत माणशी 300 ते 400 रुपये जास्तीचे, आणि कन्फर्म झालेलं तिकीट आपण रद्द केलं तर परत काही नाही. जुलै 2025 पासून आधारची पडताळणी आणि ओटीपी आले, एजंटांना पहिला अर्धा तास बंद झाला. हे योग्यच झालं, त्याबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही.

पण एका तत्काळ तिकिटावर चारच नावं घालता येतात. साध्या तिकिटावर सहा चालतात. आमच्या घरात पाच माणसं आहेत: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. पाच माणसांचं घर या देशात काही आक्रीत नव्हे. चौघांचं झालं की पाचव्यासाठी पुन्हा पहिल्यापासून नाव, वय, कॅप्चा, ओटीपी, पैसे, आणि तोवर बर्थ संपलेले. म्हणून पाचवं कुणाला ठेवायचं हे सकाळी पावणेदहालाच ठरवावं लागतं. त्या वेळी सासूबाई म्हणतात, "मला ठेवा गं, मला कुठे पाळण्यात बसायचंय." आपल्या नातवंडांबरोबर जायला निघालेल्या बाईला हे म्हणावं लागू नये. रेल्वेने तत्काळवर आणखी दोन नावं मान्य केली तर कुठल्याही दलालाचा फायदा होणार नाही, कारण आता दाराशी आधार उभं आहे.

गाडी मिळाली तरी कुठली, हाही प्रश्न असतोच. भोपाळहून पुण्याला जाणाऱ्या झेलम आणि गोवा एक्स्प्रेस मनमाडहून अहिल्यानगर, दौंडमार्गे वळतात, खोपोलीच्या बाजूला त्या येतच नाहीत. 1912 पासून धावणारी पंजाब मेल कल्याणला सोडते. तिथून कर्जत-खोपोलीच्या लोकलने पुढे जायचं आणि मग रिक्षा. सकाळी सामानासकट पोचलेल्या माणसाला हॉटेल खोली देतं दुपारी. मधल्या वेळात झोपाळलेल्या मुलांना घेऊन कुठे बसायचं, याची सोय कुणीच बघत नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो: मूल कुणाला म्हणायचं, यावर या देशातल्या दोन काउंटरांचं एकमत नाही. रेल्वेच्या हिशेबात पाच ते बारा वर्षांतलं ते मूल. पण एप्रिल 2016 पासून त्याला स्वतःचा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. अर्ध्या भाड्यात बर्थ नाही, आणि रात्रभराच्या प्रवासात सहा वर्षांच्या मुलाला बर्थाशिवाय नेऊन बघावं म्हणजे कळेल. बहुतेक स्वस्त विमानांत दोन वर्षांवरच्या मुलाला मोठ्या माणसाचंच भाडं लागतं. हॉटेलांत कुठे पाच वर्षांपर्यंत फुकट, कुठे आठपर्यंत, त्यापुढे जादा गादीचे पैसे. आणि पार्कात वय कुणी विचारतच नाही, तिथे भिंतीवर पट्टी असते. अनेक ठिकाणी 85 सेंटिमीटरच्या खाली फुकट, 140 च्या वर मोठं माणूस, मधलं ते मूल.

आमची लेक अकरा वर्षांची आहे आणि उंचीत बाबांवर गेली आहे. पट्टीजवळ ती मोठं माणूस ठरते. तिचा भाऊ सहा वर्षांचा. त्याचं तिकीट मोठ्यांपेक्षा थोडंसंच कमी, पण जोरात फिरणाऱ्या पाळण्यांवर त्याला चढू देत नाहीत. सुरक्षेसाठी उंची मोजतात ते शंभर टक्के बरोबर, ती अट कुणी ढिली करू नये. माझं म्हणणं एवढंच, की ज्या उंचीला निम्मे पाळणे बंद आहेत त्या उंचीचं तिकीटही तेवढंच कमी असावं, आणि कुठल्या पाळण्याला किती उंची लागते हे पैसे भरायच्या आधी त्याच पानावर दिसावं. सहा वर्षांच्या मुलाला दारात नेऊन "तू नाही" असं सांगायला आईला किती जड जातं, हे दर ठरवणाऱ्यांनी एकदा उभं राहून बघावं.

दरही तारखेप्रमाणे बदलतात. शनिवार-रविवार महाग, सुट्यांचा हंगाम आणखी महाग. वर 18 टक्के जीएसटी. 2018 च्या जानेवारीत तो 28 वरून 18 वर आला, त्याचा दिलासा आहे. पण शाळेत जाणारी मुलं सुटीच्या दिवसांतच येणार, हे पार्कांनाही ठाऊक आहे. आयत्या वेळी निघणाऱ्याला स्वस्तातला मंगळवार निवडता येत नाही.

आणि रांग. पूर्वी पार्कात एक गोष्ट सगळ्यांना सारखी असायची ती म्हणजे रांग. डिस्नेने 1999 मध्ये फास्टपास काढला तेव्हा तो फुकट होता. येईल त्याला घेता यायचा. 2021 मध्ये त्याच्या जागी पैसे मोजायची सोय आली. आपल्याकडच्या पार्कांतही आता वेगळ्या, महाग पासाची वेगळी रांग असते. माझी मुलं तासभर उन्हात उभी असताना शेजारच्या दोरीपलीकडून दुसरी मुलं सरळ पुढे जातात, तेव्हा मुलगा विचारतो, "ती आधी का?" याचं खरं उत्तर द्यायला मला लाज वाटते, आणि ही लाज माझी नाही.

कपड्यांचं एका ओळीत सांगते: पाण्याच्या पार्कात सुती कपडे चालत नाहीत हे आधी कळवा, म्हणजे भोपाळच्या न्यू मार्केटमधून चार दिवस आधी आणता येतील, दारात दुप्पट दराने घ्यावे लागणार नाहीत.

नातेवाईक म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, भोपाळात बडा तालाब आहे, वनविहार आहे, श्यामला हिल्सवर मानव संग्रहालय आहे, पाऊण-एक तासावर भीमबेटका आहे. हे सगळं आहे आणि ते आम्हाला जिवापाड आवडतं. भीमबेटकाच्या खडकांवरची चित्रं मुलांनी इतक्या वेळा बघितली आहेत की आता तीच पाहुण्यांना दाखवतात. पण आपल्या गावात जे रोज आहे ते दाखवून मुलांची हौस भागवता येत नाही, आणि भागवू नये. भिजून, ओरडून, घसा बसवून परत येण्यातही मुलांचं काही शिकणं असतं. इमॅजिकात राजासॉरस नावाची बोटीची सफर आहे. त्या डायनोसोरचं शास्त्रीय नाव राजासॉरस नर्मदेन्सिस, 2003 साली ठेवलेलं, आपल्या नर्मदेवरून. आमची गाडी नर्मदापुरमला हीच नदी ओलांडते. ही गोष्ट लेकीने स्वतः शोधून काढली आणि तेव्हापासून ती बोट तिला हवीच आहे. अशा मुलीला "पुढच्या वर्षी बघू" म्हणताना माझा जीव तुटतो, कारण पुढच्या वर्षीही रजा आयत्या वेळीच मिळणार.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. तत्काळ तिकिटावर सहा नावं घेऊ द्या. रेल्वे, हॉटेल आणि पार्क यांनी मुलाचं वय एकाच रेषेवर आणावं. आणि पार्कांनी बरोबर येऊन नुसतं बसणाऱ्या माणसाचं एक तिकीट काढावं. ज्येष्ठांना काही ठिकाणी सवलत मिळते, पण तीही पाळण्यांचे पैसे धरूनच. सासूबाईंना एकाही पाळण्यात बसायचं नाही. त्यांना सावलीतल्या बाकावर बसायचं आहे, डब्यातला दहीभात खायचा आहे, आणि बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणतात त्यावर गेटवरच्या माणसाशी त्यांना बोलायचंही आहे. नातवंडं वरून ओरडत खाली येताना बघायची आहेत. एवढ्यासाठी पाळण्यांचे पैसे भरायला त्या तयार नाहीत, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.