कॅम्पर व्हॅन बीथोव्हन: नवशिक्यांसाठी

आधी नाव पाठ करावं. सुरुवातीच्या काळात ते 'कॅम्पर व्हॅन बीथोव्हन अँड द बॉर्डर पट्रोल' असं लांबलचक होतं. पुढचं शेपूट गळालं, हे नवशिक्याचं नशीब. नावात बीथोव्हन आहे म्हणून मांडी घालून अदबीनं बसू नये, आणि व्हॅन आहे म्हणून सहलीची गाणी समजून भेंड्यांच्या तयारीतही राहू नये.

साहित्य: एक हेडफोन, एक मोकळी संध्याकाळ आणि घरात एक तरी असं वडीलधारं माणूस, ज्याला तुमचं संगीत मुळीच आवडत नाही. हे शेवटचं कुठंही मिळतं.

मंडळी कॅलिफोर्नियाची. 1983 साली रेडलँड्स नावाच्या गावात जमली आणि मग सांताक्रूझला, म्हणजे समुद्राकाठच्या विद्यापीठाच्या गावी गेली. गाणारा डेव्हिड लाउरी गणित शिकलेला. हे गाणी ऐकून कुणालाही खरं वाटत नाही. बास व्हिक्टर क्रुमेनाकरचा, गिटार ग्रेग लिशरची, ड्रम ख्रिस पेडरसनचे. ही नावं विसरलात तरी चालेल, पण जोनाथन सीगलला विसरू नये. व्हायोलिन त्याचं आहे आणि सगळा घोळ त्या व्हायोलिननंच केला आहे.

कृती अशी. 1985 सालचा पहिला अल्बम, 'टेलिफोन फ्री लँडस्लाइड व्हिक्टरी', घ्यावा. नावाचा अर्थ लावत बसू नये. पहिलंच 'बॉर्डर स्का' लावावं. स्का ही जमैकातली चाल. तिच्यात गिटारचा ठोका मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतो. त्यामुळे ऐकणारा बसल्या जागी किंचित उड्या मारू लागतो. त्या ठोक्यावर व्हायोलिन अशी काही धून धरतं, की कुठल्यातरी डोंगराळ देशातली लग्नाची वरात चुकून कॅलिफोर्नियाच्या रस्त्याला लागली आहे असं वाटावं. शब्द नाहीत. या अल्बममधल्या बऱ्याच तुकड्यांना शब्द नाहीतच. नावं मात्र आहेत, आणि काय एकेक! एका वाद्यधुनेचं नाव आहे, माओला दक्षिण चीनमधले दिवस आठवतात. एक व्लादिवोस्तोकची, एकीच्या नावात बालालायका.

इथं नवशिक्या हमखास घसरतो. तो नकाशा काढतो. ही धून कुठली? रुमानियाची? ग्रीसची? रशियाची? शोधू नये. ज्या गावची ही धून आहे ते गाव नाहीच. पाचसहा पोरांनी जगभरच्या लोकसंगीताचा जो काही वास नाकात भरला होता, त्यावरून एक देश रचला आणि त्याची वाजंत्रीही स्वतःच वाजवली. अस्सल लोकसंगीताच्या भक्तांना हे खपत नाही. मला विचाराल तर या मंडळींची खरी कला हीच: जे कालच केलंय ते शंभर वर्षांचं वाटायला लावणं.

मी पहिल्यांदा हे घरात मोठ्यानं लावलं तेव्हा आत्या आली होती. ती मेथी निवडत मुकाट्यानं ऐकत राहिली. दोन तुकडे संपले, तिसरा निम्म्यावर आला, तेव्हा तिनं विचारलं, "अरे, गाणं कधी सुरू होणार?"

आत्यासाठी मग गाणं लावलं. लॅसी चंद्रावर गेली त्या दिवसाचं. "लस्सी?" आत्या म्हणाली. लस्सी नव्हे, लॅसी. सिनेमातली कुत्री. यावर तिनं मेथीची जुडी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. नवशिक्यानं या टप्प्यावर खचू नये.

पंक म्हणजे आरडाओरडा, अशी समजूत असेल तर पुढचा धडा 'वेस्टेड'. मूळ गाणं ब्लॅक फ्लॅग या कॅलिफोर्नियातल्याच जहाल पंक टोळीचं, मिनिटभराच्या आत संपणारं, दात-ओठ खाऊन म्हटलेलं. यांनी ते इतकं संथ केलं, की रात्रभर पिऊन पडलेला माणूस ओट्यावर बसून आपलीच करुण कहाणी सांगतोय असं वाटतं. एक शिवी न देता केलेला हा पाणउतारा आहे. पंकांची जिरवायला पंकच व्हावं लागतं. मग 'टेक द स्किनहेड्स बोलिंग' ऐकावं. मुंडण केलेल्या दांडगटांना बोलिंगला घेऊन जा, एवढाच उपदेश. अर्थ विचारू नये. लाउरीनं तो मुद्दाम ठेवलेला नाही. बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं हेच आणि थट्टा म्हणून ते उत्तम आहे. पण थट्टेपाशीच थांबणारे शिष्य पुढं काही शिकत नाहीत.

1986 मध्ये यांनी दोन अल्बम काढले. त्यातल्या दुसऱ्यात पिंक फ्लॉइडचं 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' आहे. ते ऐकून झालं की अवांगार्डची, म्हणजे धाडसी प्रयोगांची पायरी. युजीन चॅडबोर्न हा गिटारवाला बागेतल्या दाताळ्याला पिकअप लावून ते अॅम्प्लिफायरमधून वाजवतो. त्याच्याबरोबर 1987 साली 'कॅम्पर व्हॅन चॅडबोर्न' हा अल्बम झाला. हा ऐकताना शेजारी घरात नसल्याची खात्री करावी. पूर्ण नाही ऐकवला तर लाज वाटून घेऊ नये. मीही तो तीन बैठकांत संपवला.

1988 चा अल्बम व्हर्जिन या बड्या कंपनीकडून आला, आवाज गुळगुळीत झाला. तरी त्यातलं, अपहरणकर्त्यांनाच सामील झालेल्या पॅटी हर्स्टवरचं 'तानिया' चुकवू नये. 1989 चा 'की लाइम पाय' अंधारा आहे. तोवर सीगल बाहेर पडला होता, तरी व्हायोलिन सुटलं नाही. स्टेटस को या बँडच्या 1968 च्या एका गाण्यातली गिटारची ओळ इथं व्हायोलिननं घेतली आणि ते गाणं थेट बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत पहिलं गेलं. मग 1990 मध्ये, दौऱ्यावर, स्वीडनमध्ये बँड फुटला. नवशिक्यानं हा अल्बम शेवटी ठेवावा. आधी घेतला तर पहिल्या अल्बममधली वरात कानाला पोरकट लागते.

लाउरीनं पुढं क्रॅकर नावाचा बँड काढला. त्याचं एक गाणं पँडोरा या इंटरनेट रेडिओवर दहा लाखांहून जास्त वेळा वाजलं आणि गीतकार म्हणून लाउरीच्या हाती आले 16.89 डॉलर. हे त्यानं 2013 मध्ये जाहीर लिहिलं. म्हणून एक सूचना, थोडी खर्चिक: अल्बम विकत घ्यावा.

कॅम्पर व्हॅन बीथोव्हन पुन्हा जमल्यावर 2002 मध्ये यांनी फ्लीटवूड मॅकचा 'टस्क' हा अख्खा अल्बम आपल्या पद्धतीनं वाजवून काढला. सांगितलं असं, की हे 1987 सालचं जुनं रेकॉर्डिंग, अडगळीत सापडलं. प्रत्यक्षात, एकत्र वाजवणं अजून जमतंय का, याची ती तालीम होती. ज्यांना नसलेल्या गावची लोकधून रचता येते, त्यांना नसलेली पंधरा वर्षं रचायला कितीसा वेळ लागणार?

आत्या निघायच्या दिवशी चहा गाळता गाळता काहीतरी गुणगुणत होती. कान दिला तर 'बॉर्डर स्का'. तीच वरात, फक्त जरा सावकाश.

"ही कुठली गं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. आमच्या लहानपणी वाजायची."